बारा मीटर कापडावरचे वीस झेंडे

१

"आमच्या कापडावर कुणाचा तरी डोळा आहे, इंदाय," मानांग पुरिसिमा मंगळवारी संध्याकाळी मला म्हणाल्या, आणि मी हसले.

"मानांग, एकवीस अर्थव्यवस्थांचा डोळा आहे. त्यासाठीच तर अंथरलंय ना!"

"तसा नव्हे गं. दुपारी कुणीतरी टेबलाच्या कडेकडेने पावलं मोजत गेलं. मान खाली, ओठ हलतायत. तोंड काही दिसलं नाही, पण कोट निळा होता. तुझ्यासारखाच."

"आम्ही साठजण निळे कोट घालून फिरतोय इथे. आणि टेबलं मोजायचाच तर पगार मिळतो आम्हाला!"

बारा मीटर लांब हाब्लोनवरून त्यांनी नुसता तळहात फिरवला, आजारी मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. फिलिपिन्समधल्या मिआगाओ गावच्या सव्वीस बायकांनी हे कापड हातमागावर विणलं होतं आणि मानांग पुरिसिमा त्या बायकांच्या संघाच्या प्रमुख. आमच्याकडे वडीलधारीला मानांग म्हणतात, आणि ती लहानीला इंदाय. मी मात्र घड्याळ बघत होते. पिशवीत दुधाच्या दोन बाटल्या बर्फात होत्या. घरी आठ महिन्यांची आयना दातांच्या तापाने किरकिरत होती, आणि सासूबाईंनी तासाभरात थर्मामीटरचा तिसरा फोटो पाठवला होता.

"उद्या बघू हं," म्हटलं आणि पळाले.

उद्या म्हणजे बुधवार. पावणेसातला मी दालनाचं दार ढकललं आणि दारातच थिजले.

कापडावर झेंडे उभे होते.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ओळीत, टूथपिकवर चिकटवलेले बोटभर कागदी झेंडे!

२

आमच्या कामात पहिल्या दिवशी पहिला धडा मिळतो तो हा : इथे कुणी देश नसतं. आशिया-प्रशांत मंडळी व्यापाराचं बोलायला जमतात तेव्हा प्रत्येकजण एक अर्थव्यवस्था असतो. झेंडे नाहीत, राष्ट्रगीतं नाहीत, नुसत्या नावाच्या पाट्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका टेबलाशी बसतात ती या एका सोयीमुळे. कोणत्या झेंड्यावरून कोण उठून जाईल ते मी लिहीत नाही. या धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

आणि नेमका तोच झेंडा तिथे होता.

ज्यांना तो सगळ्यात जास्त खुपतो त्या शिष्टमंडळाचे प्रमुख सात वाजता जागा बघायला आले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट. दुभाषा हळूच म्हणाला, "साहेब म्हणतात, दहाच्या बैठकीला हे कापड टेबलावर असेल, तर आम्ही नसू."

इथे मतदान नसतं. सगळ्यांची संमती, नाहीतर काहीच नाही. एकाने खुर्ची मागे सारली की बाकीचेही घड्याळ बघू लागतात.

आमचे राजशिष्टाचार प्रमुख, सर आन्सेल्मो, घामाने डबडबले होते. निवृत्तीला त्यांचे चार महिने राहिले होते.

"विणकरणींचं काम हे! हौस आली, सजवलं. बिचाऱ्यांना काय कळतं! कापड काढा. त्यांचा स्टॉलही बंद. टेबलावर ताम्पारोंगचं घाला."

"माझं तयार आहे, सर," मागून आवाज आला. "इस्त्रीसकट."

ग्रेगोरियो ताम्पारोंग. यंत्रमागाचं कापड हाब्लोनच्या नक्षीत काढून निर्यात करणारा, शेजारच्या स्टॉलचा मालक. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या दातांत काडी असते. आताही होती. टूथपिक.

मी त्या काडीकडे बघितलं. त्याने मी बघतेय हे बघितलं.

"काय मॅम जेम, नाश्त्याला डुक्कर खाल्लं. त्यालाही बंदी आहे का?"

तेवढ्यात मानांग पुरिसिमा आल्या. आधी त्यांना काही कळेचना. मग त्या वाकल्या, पहिल्या टूथपिकच्या बुडाशी बोट लावलं, आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"पेरू देशाच्या खरेदीदार बाई काल म्हणाल्या, उद्या टेबलावर बोलू. तीन हजार शालींचं. इंदाय, मी गावात सगळ्यांना सांगून आलेय गं."

हा मेळा फिरत फिरत पुन्हा आमच्या इलोइलोला यायला वीस वर्षं लागतील. मानांग चौसष्टच्या आहेत.

"सर," मी म्हणाले, "मला दहापर्यंत वेळ द्या. हे यांनी केलेलं नाही. ते सिद्ध झालं, तर कापड राहील?"

"साडेनऊ. आणि सिद्ध त्या प्रमुखांपुढे करायचं, माझ्यापुढे नाही."

३

झेंडे काढण्याआधी मी फोनवर टोकापासून टोकापर्यंत फोटो काढले. दालनात कॅमेरे नाहीत. वाटाघाटी होतात तिथे ते कुणालाच नको असतात. दार साडेपाचला सरांनी उघडलं होतं आणि सहापासून निळे कोटवाले, स्टॉलवाले, सगळेच आत-बाहेर करत होते.

रांगत्या मुलीच्या आईला बारीक वस्तू आधी दिसतात. बटण, शेंगदाणा, टाचणी, तिच्या तोंडात जाईल असं काहीही. घरात मी दिवसभर जमिनीवरच्या वस्तू मोजत असते. नवरा हसतो. त्या सकाळी मी झेंडे मोजायला घेतले, आणि पहिल्याच झेंड्याशी थांबले.

टूथपिक कापडाच्या आरपार गेलेली होती.

"मानांग, तुम्ही कापडाला किंमतीची चिठ्ठी कशी लावता?"

"दोऱ्याने बांधते. का?"

"टाचणीने का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाळाला टाचणीने लंगोट लावायला निघालेय. "टाचणीने सूत तुटतं! सहा आठवडे मागावर बसलेली बाई कापडाला भोक पाडेल?"

पाडणार नाही. त्यांच्या सव्वीसपैकी एकही नाही. हे पहिलं.

दुसरं मला झेंडा उजेडात धरल्यावर दिसलं. झेंडे शाळेच्या पाकिटातले होते. ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या दिवसाला मुलांच्या हातात देतात तेच, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. छापील आणि गुळगुळीत. दोन मात्र तसे नव्हते. ते रंगीत पेनने काढले होते, कडा पट्टीने आखून. त्या पाकिटात ते दोन येतच नाहीत.

म्हणजे हौसेने सजवणाऱ्याने पाकीट फोडलं, लावलं, घरी गेला, असं झालेलं नव्हतं. कुणीतरी बसून, ज्याने आग लागते नेमका तोच झेंडा हाताने रंगवला होता.

"ताम्पारोंग!" मानांग दात आवळून म्हणाल्या. "त्याच्याशिवाय कोण?"

मलाही तसंच वाटत होतं. टूथपिक त्याची, फायदा त्याचा. मी त्याच्या स्टॉलकडे निघालेही. वाटेत, सवयीने, पुन्हा मोजलं.

आणि पुन्हा एकदा मोजलं.

झेंडे एकवीस नव्हते. वीस होते.

४

"कुठला नाही?" मानांग डेलियांनी विचारलं.

मानांग डेलिया माझ्या वरिष्ठ. पंधरा वर्षं या कामात. झेंड्यांचा धडा मला त्यांनीच दिला होता. बाळंतपणानंतर मी कामावर परतले तेव्हा दूध काढायला जागा नव्हती. त्यांनी आपल्या सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दारावर पाटी लावली : "साहित्य मोजणी चालू, ठोठावू नये." रोज अकराला स्वतः बर्फ आणून देत.

मी फोटो पुढे केला. "आपलाच नाही. फिलिपिन्सचा."

"पडला असेल कुठे."

"खाली बघितलं. भोकंही वीसच आहेत."

मीच बोलत सुटले. अंगात वारं शिरलं होतं माझ्या. "विचार करा ना! आपल्याकडचा कुणीही, विणकरीण असो नाहीतर ताम्पारोंग, एकवीस झेंडे लावायला बसला तर पहिला कुठला लावेल? आपला! तोच विसरायचा म्हणजे लेकीच्या वाढदिवसाला केकवर तिचंच नाव विसरणं झालं. हा माणूस विसरलेला नाही. त्याच्यासमोर कागद होता आणि त्या कागदावर आपण नव्हतोच!"

"असा कुठला कागद?"

"खरेदीदारांच्या बैठकीचा. विकणारे आपण, बसणारे पाहुणे. वीस खुर्च्या, वीस नावं."

मग माझं मलाच ऐकू आलं की मी काय बोलतेय. त्या कागदाच्या प्रती तीनच होत्या. एक सर आन्सेल्मोंकडे, एक डेलियांकडे, एक माझ्याकडे.

"म्हणजे आपण तिघं," डेलिया हसून म्हणाल्या. "चला, माझे हात बांध. बेड्या आहेत का पिशवीत, की नुसते लंगोटच?"

मीही हसले. हसताना डोक्यात एकच चालू होतं : सर पहाटे साडेपाचला एकटे दालनात होते. आणि सगळ्यात आधी विणकरणींचं नाव घेतलं तेही सरांनीच.

"सोड ना, इंदाय," डेलिया हळूच म्हणाल्या. "सरांचे चार महिने राहिलेत. आणि तू जा आधी, ब्लाऊज बघ तुझा."

ओला झाला होता. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

सामानाच्या खोलीत पंप घरघरत होता. सासूबाईंना फोन लावला.

"ताप?"

"सदतीस दोन. पेज खातेय आणि माझ्या अंगावर फुर्र करतेय. दर तासाला फोन कशाला गं? मी तीन पोरं वाढवली, एकही हरवलं नाही!"

फोन ठेवला. हात रिकामा होता म्हणून पुन्हा ते फोटो बघत बसले. ऑस्ट्रेलिया, ब्रुनेई, कॅनडा, चिले... इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने, आमच्या छापील कागदाप्रमाणे. शेवटी खिडकीपाशी विएतनाम असणार.

शेवटी विएतनाम नव्हता.

शेवटी पेरूचा लाल-पांढरा-लाल होता, आणि पिवळ्या चांदणीचा विएतनाम मध्येच, चौदाव्या जागी.

मी पंप बंद केला. खोलीत एकदम शांत झालं.

काल संध्याकाळी साडेपाचला पेरूच्या सिन्योरा यामोसास माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. सगळी माणसं डावीकडे असतील अशी खुर्ची मिळेल का, म्हणून. विएतनामच्या खरेदीदाराने आनंदाने शेवटची जागा दिली. मी माझ्या कागदावर पेनने बदल केला. सर घरी गेले होते. आज सकाळीही ते पाट्यांच्या खोक्यापाशी ओरडत होते, "विएतनाम शेवटी, किती वेळा सांगायचं!" त्यांच्या कागदावर जुनाच क्रम होता.

हा बदल आणखी एकीनेच पेन्सिलने लिहून घेतला होता. माझ्यासमोर, माझ्याच पेन्सिलने.

दारावर टकटक झाली. त्या पाटीला न जुमानता एकच माणूस ठोठावतो.

"बर्फ आणलाय," मानांग डेलिया म्हणाल्या.

६

मी दार उघडलं. फोन त्यांच्यापुढे धरला. एका शब्दाची गरज पडली नाही. त्यांनी पेरूचा झेंडा बघितला आणि बर्फाची पिशवी फडताळावर ठेवली.

"पंधरा वर्षं," त्या म्हणाल्या. "हाताला वळणच पडलंय. गोंधळ घालायचा होता आणि तोसुद्धा मी बसायच्या क्रमाने घातला बघ."

"टूथपिक?"

"ताम्पारोंगच्या स्टॉलवरचा डबा. संशय त्याच्यावर जाईल असं वाटलं नव्हतं, समोर होता म्हणून घेतला. तो तर माझं नावही नीट घेत नाही. दिलिया म्हणतो."

"मग कुणासाठी केलंत?"

त्या खोक्यावर बसल्या. "माझी आई मिआगाओची. नानाय कोन्सोर्सिया. बेचाळीस वर्षं मागावर. खिडकीच्या उजेडात, बारीक सूत. आज तिला ताटातला भात दिसत नाही. पुरिसिमाच्याच ओसरीवर बसायची ती. डोळे गेले, तेव्हा त्या सगळ्या नारळ घेऊन भेटायला आल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई बसली." "तुम्ही सगळे त्या कापडावर हात फिरवता आणि वाहवा करता. ताम्पारोंगच्या कारखान्यात दिवे आहेत, इंदाय. पाचला सुट्टी आहे. ती मागणी तिकडे गेली असती, तर मागावरच्या पोरी तिकडे गेल्या असत्या. डोळ्यांसकट."

मी दुधाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"असं असेल तर ते टेबलावर बोला ना," मी म्हणाले. "मानांग पुरिसिमांच्या माथी का मारलंत? त्यांना अख्ख्या गावापुढे अडाणी ठरवलंत तुम्ही."

"तिला माफ करतील असं वाटलं. अडाणी म्हणून."

"त्यांनी स्टॉल बंद केलाय."

त्या उठल्या. घड्याळ बघितलं. नऊ पंचवीस. "तू सांगणार?"

"मला वाटतं तुम्ही सांगाल."

त्यांनी निळा कोट काढला, घडी घातली, माझ्या पंपाशेजारी ठेवला, आणि माझ्या आधी चालू लागल्या.

दालनात पाहुणे जमत होते. त्या थेट त्या प्रमुखांपुढे गेल्या आणि सगळं सांगितलं. पाकीट, पेन, कागद, क्रम. दुभाषा दोनदा अडखळला. सर आन्सेल्मोंनी भिंतीला हात टेकला. मी कापडाची भोकं दाखवली, फोटो दाखवले, वीस मोजून दाखवले. ते प्रमुख वाकून एकेक भोक बघत राहिले, इतका वेळ की मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात," दुभाषा म्हणाला, "हे नीट होईल का?"

मानांग पुरिसिमा पुढे झाल्या. अंगठा जिभेवर लावला आणि नखाने सुताला इकडून एक, तिकडून एक असं सरकवायला लागल्या. पहिलं भोक मिटलं. दुसरं. सगळं टेबल बघत होतं. खिडकीपाशी सिन्योरा यामोसास उठून उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, तुमच्या कापडाला हे जमतं?" सिन्योरांनी ताम्पारोंगला विचारलं.

ताम्पारोंगने दातांतली काडी काढून खिशात टाकली. "आमच्या कापडाला... आम्ही नवीन देतो, मॅडम."

हशा पिकला. विसावं भोक मिटलं तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती, आणि त्या प्रमुखांनी खुर्ची ओढली. मागे नव्हे, पुढे. मी बाहेर पळाले आणि जिन्यात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मागणी मिळाली. तीन हजार शाली. मानांग पुरिसिमांनी करारात एक ओळ स्वतः घालून घेतली : प्रत्येक मागावर दिवा आणि पाचला सुट्टी, मग शाली दोन महिने उशिरा मिळाल्या तरी चालतील. त्या ओळीबद्दल त्यांना कुणी काही सुचवलं नव्हतं. डेलिया बोलत होत्या तेव्हा त्या मागे उभ्या होत्या, एवढंच.

डेलियांनी राजीनामा दिला. आता त्या कॅनडात हॅलिफॅक्सला एका म्हाताऱ्या जोडप्याची सेवा करतात. आईला न्यायची परवानगी अजून नाही. नानाय कोन्सोर्सिया मिआगाओला एकट्या राहतात. विणकरणी डबा पाठवतात, तो तसाच परत येतो. "माझ्या लेकीला घालवलं तुम्ही," म्हणतात. माझ्या हातचं मात्र खायच्या, कारण मी कोण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. दर रविवारी आयनाला घेऊन जायचे. त्या तिचे दात बोटाने मोजायच्या.

आता माझी दोन वर्षांसाठी सिंगापूरला बदली झाली आहे. फोन लावते. परवापर्यंत त्या उचलत होत्या. काल वाजत राहिला. आज सकाळपासून लागतच नाही. हॅलिफॅक्सहून डेलियांनी मलाच विचारलं, आणि मी म्हणाले, वीज गेली असेल.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असाल, तर चर्चवरून खाली नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला बेकरी लागते, तिच्या मागचं बांबूचं घर. दार आतून लावलेलं असतं, म्हणून खिडकीशी उभं राहून मोठ्याने हाक मारा. दार उघडलं, तर चुलीला हात लावून बघा, आज पेटली होती का. विणकरणींनी पाठवलंय असं म्हणू नका. आयनाच्या आईने पाठवलंय म्हणा. आणि त्यांनी ओ दिली की नाही, एवढं मला आजच्या आज कळवाल का?